मालवाहू पिकअपचे ब्रेक : पॅड व चकती बदलण्यापूर्वी व बदलताना

शेतात पिकलेला माल सुखरूपपणे बाजारपेठेत पोहोचेपर्यंत शेतकऱ्याचे काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. पूर्वी ही वाहतूक बैलबंडीवर होत असे. आता जानेफळ व मेहकर परिसरातील सोयाबीन, तूर, हरभरा व भाजीपाला बहुतांशी लहान मालवाहू मोटारींतून जातो. ह्या गाड्यांना आपण सरसकट पिकअप म्हणतो. काही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, तर काही जण भाड्याने घेतात. बियाणे, खत व औषधे ह्यांविषयी पुष्कळ माहिती शेतकऱ्यांना मिळत असते; परंतु ज्या गाडीवर वर्षाचे उत्पन्न आणि घरची माणसे अवलंबून असतात, त्या गाडीच्या ब्रेकविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. ती उणीव काही अंशी भरून काढावी, ह्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. मेहकर तालुक्यातील जानेफळ घाटावर आहे. खामगावची जुनी व मोठी बाजारपेठ घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणजे खामगावास माल नेताना भरलेली गाडी उताराला लागते आणि परतताना रिकामी गाडी चढ चढते. इंजिनाच्या दृष्टीने ही सोय आहे. ब्रेकच्या दृष्टीने मात्र ह्याहून अवघड व्यवस्था दुसरी नाही. बुलढाण्याहून मलकापूरच्या दिशेने राजूर घाट उतरताना किंवा खामगावच्या दिशेने बोथा घाट उतरतानाही हेच घडते.

उतारावर गाडी पूर्वीसारखी आवरत नाही असे वाटू लागले, की गाडीमालकाच्या मनात भारी पॅड आणि नव्या चकत्या बसविण्याचा विचार येतो. हा विचार चुकीचा नाही. परंतु पॅड व चकती हे ब्रेकच्या साखळीतील केवळ दोन दुवे आहेत. बाकीचे दुवे कच्चे ठेवून हे दोनच पक्के केले, तर पैसे खर्च होतात आणि धोका कायम राहतो. म्हणून कोणते काम आधी व कोणते नंतर करावे, हा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक गाडीला धरून ठेवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तो गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबला, की लाकूड तापून करपल्याचा वास येतो. मोटारीतही तेच घडते, फक्त उष्णतेचे प्रमाण शेकडो पटींनी अधिक असते. म्हणून चांगला ब्रेक म्हणजे केवळ जोराने पकडणारा ब्रेक नव्हे. पुष्कळ उष्णता सोसणारा आणि ती लवकर बाहेर टाकणारा ब्रेक होय.

बहुतेक पिकअप गाड्यांत पुढच्या चाकांना चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरते. तिच्या दोन्ही बाजूंस पॅड असतात. चालकाने पेडल दाबले, की ब्रेक ऑईलचा दाब नळ्यांतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि कॅलिपर दोन्ही पॅड चकतीवर आवळतो. ड्रम ब्रेकमध्ये फिरत्या ड्रमच्या आतून दोन शू बाहेरच्या बाजूस दाबले जातात. चकती उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो व ती लवकर निवते. ड्रम बंदिस्त असल्यामुळे उष्णता, पाणी आणि चिखल आत अडकून राहतात. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने १९०२ साली मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याची ती कल्पना आजही मुळात तीच आहे.

ब्रेक लावला असता गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. म्हणून थांबविण्याचे अधिक काम पुढचे ब्रेक करतात व त्यांनाच चकती दिलेली असते. तथापि भरलेल्या पिकअपचा बराचसा बोजा मागच्या आसावर असतो, हे विसरू नये. मागचे शू झिजलेले असतील, तर पुढचे नवे पॅड मागच्यांचेही काम ओढतात आणि अकाली तापतात.

वेग आणि भार ह्यांचा हिशेब

गाडीच्या गतीत साठलेली ऊर्जा भाराच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर ब्रेकचे काम दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते. मालासह ३,००० किलो वजनाची गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला थांबविताना सुमारे १०४ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर सुमारे ४१७ किलोज्यूल.

आता घाटाचा हिशेब पाहू. हीच गाडी २०० मीटर उंचीवरून खाली उतरली असे समजू. ह्या उतरण्यात सुमारे ५,८८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून गाडी चौदा वेळा पूर्ण थांबविण्याइतके हे काम आहे. एवढ्या उष्णतेने सुमारे अठरा लिटर थंड पाण्यास उकळी येईल. ह्यातील काही भाग हवेचा विरोध व टायरचे घर्षण घेते. उरलेला भाग इंजिनाने घ्यावयाचा की ब्रेकने, हे चालकाच्या हाती असते. गिअर खाली न घेता केवळ पेडल दाबून घाट उतरणारा चालक हा सर्व भार चार चाकांच्या ब्रेकवर टाकीत असतो.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतो

तापलेला ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे निकामी होतो आणि ह्या दोहोंचे उपायही वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात पेडल पायाला टणक लागते, चालक सर्व शक्तीने दाबतो, तरी गाडी थांबत नाही. पॅडमधील चिकट द्रव्ये फाजील उष्णतेने विघटित होऊन पॅड व चकती ह्यांमधील घर्षण कमी झालेले असते. अशा वेळी करपट वास येतो. ह्या दोषावर चांगल्या प्रतीचे पॅड व चांगली चकती हा खरा उपाय आहे.

दुसऱ्या प्रकारात पेडल एकाएकी मऊ होते व तळाला जाते. हा दोष पॅडचा नसून ब्रेक ऑईलचा असतो. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. जसजसे त्यात पाणी मिसळते, तसतसे ते कमी तापमानास उकळू लागते. डॉट ३ प्रतीचे नवे कोरडे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ प्रतीसाठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ असे आहेत. ऑईल उकळले म्हणजे नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवीत नाही. म्हणून पेडल रिकामे जाते. जुन्या ऑईलवर कितीही भारी पॅड बसविले तरी हा धोका टळत नाही. उलट काही भारी पॅड कॅलिपरकडे अधिक उष्णता पोचवितात व तो वाढवितात.

खर्चाचा क्रम : आधी काय करावे?

पॅड व चकती ह्यांवर खर्च करण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

(१) भार : गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात भरलेल्या गाडीचे कमाल वजन व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. ह्या दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या गाडीची वाहनक्षमता. तीत चालक व सोबतची माणसेही आली. उदाहरणार्थ, कमाल वजन ३,००० किलो व रिकामे वजन १,७०० किलो असेल, तर १,३०० किलो उरतात. दोन माणसांचे १४० किलो वजा केले, की ६० किलोची १९ पोती बसतात. त्याच गाडीत ३० पोती भरली, तर ब्रेक ज्या भारासाठी बनविला त्याहून सुमारे ६४० किलो अधिक बोजा त्यावर पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षा घाटातील वळण अधिक कठोर असते, हे सांगावयास नको.

(२) टायर : ब्रेक चाक थांबवितो, परंतु गाडी थांबवितो तो टायर. टायर गुळगुळीत झालेला असेल, तर चाक जागीच अडकते आणि गाडी घसरत पुढे जाते. ज्या गाडीची चाके जुन्याच ब्रेकने अडकतात, ती गाडी नव्या पॅडने कमी अंतरात थांबणार नाही. तिला आधी टायर हवेत.

(३) ब्रेक ऑईल : उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑईल वापरावे व सांगितलेल्या मुदतीत, साधारणतः दोन वर्षांनी, ते बदलावे. डबा एकदा उघडून महिनोन्महिने ठेवलेले ऑईल वापरू नये. ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल किंवा अन्य खनिज तेल कधीही टाकू नये. त्याने रबरी वायसर फुगून सर्व यंत्रणा बिघडते.

(४) मागचे शू व ड्रम : ड्रम उघडून आतील माती व धूळ काढावी. लायनर झिजले असल्यास किंवा चाकातील ग्रीस वा ऑईल गळून भिजले असल्यास दोन्ही चाकांचे शू एकाच वेळी बदलावेत. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती ड्रमच्या फटींतून आत जाऊन घट्ट बसते. खरीप माल निघण्यापूर्वी ही सफाई अवश्य करावी.

(५) पाटे व भारानुसार काम करणारी झडप : ह्या बाबीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या आसाजवळ एक झडप असते व ती एका दांडीने किंवा स्प्रिंगने आसास जोडलेली असते. माल भरला म्हणजे गाडीचा मागचा भाग खाली बसतो. किती खाली बसला ह्यावरून ती झडप भार ओळखते आणि मागच्या ब्रेकला त्या मानाने अधिक दाब देते. गाडी रिकामी असताना ती दाब कमी ठेवते, म्हणजे मागची चाके अडकत नाहीत. आता जादा माल नेता यावा म्हणून मालकाने पाटे वाढविले, तर भरलेली गाडीही खाली बसत नाही. झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे. आणि जेव्हा मागच्या ब्रेकची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हा त्यांना कमी दाब मिळतो. सर्व काम पुढच्या पॅडवर येते, ते तापतात, आणि मालक म्हणतो की पॅड हलके निघाले. अशा गाडीवर भारी पॅड हा उपाय नव्हे. पाटे मूळच्याप्रमाणे करून झडप अधिकृत सेवाकेंद्रातून जुळवून घ्यावी. झडपेची दांडी तारेने बांधून ठेवणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. त्यामुळे रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर गर्रकन फिरते.

ह्या पाचही बाबी ठीक असतील आणि तरीही घाटात ब्रेक कमी पडत असतील, तरच पॅड व चकतीची प्रत वाढविण्याचा विचार करावा.

पॅडची निवड

पॅड मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. पहिला प्रकार सेंद्रिय मिश्रणाचा. हे पॅड मऊ असतात, आवाज करीत नाहीत व चकती कमी झिजवितात; परंतु फार तापल्यास लवकर पकड सोडतात. दुसरा प्रकार अर्धधातुमय पॅडचा. त्यांत लोखंडाचा चुरा व तंतू मिसळलेले असतात. ते उष्णता अधिक सोसतात. पण थोडा आवाज करतात, चकती अधिक झिजवितात आणि हिवाळ्याच्या सकाळी पहिल्या एक-दोन दाबांस किंचित कमी पकडतात. तिसरा प्रकार सिरॅमिक पॅडचा. त्यांची धूळ कमी पडते व आवाज होत नाही. परंतु ते महाग असून प्रामुख्याने प्रवासी मोटारींसाठी बनविलेले असतात. माल भरून घाट उतरणाऱ्या पिकअपसाठी, गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेला चांगल्या प्रतीचा अर्धधातुमय पॅड सामान्यतः योग्य ठरतो. जी गाडी केवळ जानेफळ ते मेहकर अशी घाटाविना जाते, तिला मूळ प्रतीचे पॅड पुरेसे आहेत.

पुष्कळशा पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर इंग्रजी दोन अक्षरे छापलेली असतात. जसे ई-ई, एफ-एफ किंवा जी-जी. पहिले अक्षर थंड असतानाची पकड दर्शविते व दुसरे तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ज्याचे दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे आहे, तो पॅड तापल्यावर सैल पडणारा आहे असे समजावे. ही अक्षरे पॅड किती टिकेल हे सांगत नाहीत. तरी दुकानात केवळ 'भारी' ह्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ती वाचणे श्रेयस्कर आहे.

ॲस्बेस्टॉसविरहित असे स्पष्ट लिहिलेलेच पॅड व लायनर घ्यावेत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेल्यास वर्षानुवर्षांनी असाध्य रोग व कर्करोग होतो. जुन्या गाडीच्या ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने कदापि उडवू नये. नाकातोंडास आच्छादन बांधून ओल्या फडक्याने ती पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे.

चकतीची निवड

चकती दोन प्रकारची असते : सलग आणि पोकळ. पोकळ चकतीत दोन पातळ्यांमध्ये उभ्या पट्ट्या असतात. चाक फिरताना त्यांतून वारा वाहतो व चकती लवकर निवते. बाजारात छिद्रे पाडलेल्या व खाचा मारलेल्या चकत्याही मिळतात. त्या दिसावयास आकर्षक असतात. परंतु छिद्रांमुळे चकतीतील धातू, म्हणजेच उष्णता साठविण्याची शक्ती कमी होते, वारंवार तापल्याने छिद्रांपासून तडे जाऊ शकतात आणि आपल्या शेतरस्त्यांवरील चिखल त्यांत बसतो. शेतमालाच्या गाडीस त्यांचा उपयोग नाही.

मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाची चकती बसविण्याचा मोह धरू नये. तीसाठी कॅलिपर व त्याची बैठक बदलावी लागते, पुढच्या व मागच्या ब्रेकमधील समतोल ढळतो, आणि उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ने निर्बंध घातलेले आहेत. आपल्या मॉडेलसाठी बनविलेली, मूळ मापाची, उत्तम प्रतीची नवी चकती हीच खरी सुधारणा होय.

जुनी चकती टाकावी की ठेवावी? प्रत्येक चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. सूक्ष्ममापीने तीन-चार ठिकाणी जाडी मोजावी. कोणत्याही एका ठिकाणी ती किमान जाडीच्या खाली गेली असेल, किंवा लेथवर घासल्यानंतर जाणार असेल, तर चकती बदलावी. पातळ चकती लवकर तापते व वाकते. पेडल दाबल्यावर पाय थरथरत असेल, तर चकतीची जाडी असमान झाली आहे असे समजावे. पॅडचे मसाल्याचे अस्तर ३ मिलिमीटर उरले, की पॅड बदलण्याची वेळ झाली.

बसविताना घ्यावयाची काळजी

हे काम माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. परंतु मालकाने जवळ उभे राहून पुढील गोष्टी होत आहेत की नाहीत ते पाहावे.

गाडी सपाट, टणक जागेवर असावी. जी चाके उचलावयाची नाहीत त्यांस पुढून-मागून ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. पक्का घोडा लावावा. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एका बाजूचे नवे व दुसऱ्या बाजूचे जुने असल्यास गाडी एकीकडे ओढते. चकत्याही जोडीनेच बदलाव्यात.

नव्या चकतीवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक साफ करण्याच्या द्रावणाने पूर्णपणे काढावा. डिझेलने पुसू नये. ज्या हबवर चकती बसते, त्यावरील गंज तारेच्या ब्रशाने घासून काढावा. तेथे गंजाची एक खपली राहिली, तरी चकती तिरपी फिरते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या बोटाने हलतील इतक्या मोकळ्या असाव्यात आणि त्यांस ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. पिन अडकल्यास एकच पॅड झिजतो व दुसरा नवाच राहतो. असे जुने पॅड निघाले, तर दोष पॅडचा नसून पिनांचा आहे. कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तारेने बांधून ठेवावा.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने व पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. काम झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत अनेकदा दाबावे. नळी उघडली गेली असल्यास हवा काढून घ्यावी. पहिले दोन-चार दाब रिकामे जातात, हे न जाणल्यामुळे दुकानाच्या दारातच अपघात होण्याचा संभव असतो.

नवे पॅड लावल्याबरोबर गाडी मालाने भरू नये. प्रथम रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. ताशी ५० किलोमीटर वेगावरून ताशी १० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ ते दहा वेळा वेग कमी करावा. दर दोन दाबांच्या मध्ये काही अंतर गाडी चालवून ब्रेक निवू द्यावेत. चाक पूर्ण थांबवून तापल्या चकतीवर पॅड दाबून धरू नये. ह्या क्रियेने पॅडचा पातळ, सारखा थर चकतीवर बसतो व पकड पक्की होते. पुढील दोनतीनशे किलोमीटरपर्यंत घाट व जड माल टाळणे इष्ट.

घाट उतरताना

उत्तम पॅड व चकती असूनही चालविण्याची पद्धत चुकीची असेल, तर सर्व व्यर्थ आहे. उताराला लागण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरमध्ये तोच घाट चढता येईल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम भरलेल्या गाडीस आजही लागू आहे. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवू नये. वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करावा व पाय पुन्हा पूर्ण काढावा.

डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे ही अत्यंत घातक सवय आहे. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा दोनतीन दाबांनंतर साथ सोडते व पेडल दगडासारखे होते. शिवाय आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास डिझेल जळतच राहते. म्हणजे ह्या सवयीत बचतही नाही.

करपट वास आला किंवा पेडल मऊ वाटले, तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी, चाकास दगड लावावा व अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये. ती तडकते किंवा वाकते. पेडल अकस्मात रिकामे गेल्यास ते भराभर अनेकदा दाबावे, एकेक करून गिअर खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूस गाडी घ्यावी. नाल्याच्या पाण्यातून गाडी बाहेर काढल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबीत चालावे, म्हणजे ड्रम व पॅड कोरडे होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

ही माहिती सभेत सांगण्यापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटते. पीक निघाल्यावर गावालगतची टणक व मोकळी जागा निवडावी. चांगल्या स्थितीतील एक रिकामी पिकअप व अनुभवी चालक घ्यावा. हौद्यात कोणासही बसू देऊ नये व प्रेक्षकांस बाजूस, लांब उभे करावे. चुन्याची एक रेघ ओढावी. गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने आणून रेघेवर ब्रेक लावण्यास सांगावे व जेथे थांबेल तेथे खूण करावी. नंतर हेच ताशी ४० किलोमीटर वेगाने करावे. चांगल्या पकडीच्या जागेवर पहिले अंतर सुमारे तीन मीटर, तर दुसरे बारा मीटरांच्या आसपास येईल. दुप्पट वेगास चौपट अंतर लागते, हे लोक स्वतःच्या पावलांनी मोजतील.

त्यानंतर प्रत्येक गाडीमालकास चार प्रश्न विचारावेत : ब्रेक ऑईल शेवटचे केव्हा बदलले? मागचे ड्रम केव्हा उघडले? पाटे वाढविले आहेत काय? नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे गाडीत किती पोती बसतात? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्यास देता येत नाहीत, त्यास नव्या पॅडची गरज आहे किंवा नाही हे ठरविण्याची वेळ अजून आलेली नाही.

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला म्हणजे गाड्यांना उसंत नसते व मिस्त्रींच्या दुकानांवर गर्दी होते. म्हणून ही सर्व तपासणी मळणीपूर्वीच, गाडी रिकामी उभी असताना उरकून घ्यावी. त्यास एक दिवस लागतो. शेतकरी बांधवांनी तो दिवस हंगामाच्या तयारीचाच एक भाग मानावा आणि भरलेली गाडी घाटाच्या तोंडाशी नेताना आपले ब्रेक कोणत्या स्थितीत आहेत, हे आपल्यास निश्चित ठाऊक असेल अशी व्यवस्था करावी.